दोन्ही रिपोर्ट तुझ्याकडे होते

भरवेली, जि. बालाघाट

चि. निखिलेशला शेवंतामावशीचा आशीर्वाद.

नातवासाठी पाठवलेल्या कॅप्सूल आणि स्वेटर मिळाले. पार्सलवर डाकखर्च एकशे दहा रुपये दिसला. औषधाचे पैसे तू नेहमीप्रमाणे घेतले नाहीस. त्याचं कारण मला काल समजलं. जावई चिडून बोलून गेले, "माह्याही रक्तात सिकलसेल आहे, हे डॉक्टरले लग्नाआधीच मालूम होतं."

लग्नाआधी माझ्या पौर्णिमाच्या रक्तातला दोष तूच सांगितला होतास, अन् दोघांतही असला तर लेकराला आजार होऊ शकतो, हेही. मी विचारलं, "अन् जावयाचं कसं?" तू म्हणालास, "मावशी, दुसऱ्याचा रिपोर्ट मले सांगता येत नाही. त्यायलेच विचार." मुलीची आई असं कसं विचारणार? पत्रिका जुळली होती. तूही अक्षता टाकल्यास. आता लेकरू हाडं दुखून ओरडतं, तेव्हा मी रामरक्षा म्हणत त्याचे पाय चोळते.

पौर्णिमाला पुन्हा दिवस गेले आहेत. गर्भाची तपासणी तुझ्याकडेच होणार. जावई म्हणतात, रिपोर्ट आधी त्यांनाच दाखवायचा.

हे पत्र टाकायची हिंमत होईल असं वाटत नाही, देव्हाऱ्यातच राहील. तू दुखावलास तर कॅप्सूल कोण पाठवील? तरी विचारते. या वेळचा रिपोर्ट पौर्णिमाच्याच हातात देशील ना? तेवढं उलट टपाली कळव.

तुझी मावशी
शेवंता