हलकी कॉइल

कावाला, २ मार्च, रविवार

चि. सारांडिस यास,

तुझी थोरली बहीण इव्हान्थिया हिचा आशीर्वाद. आई असती तर तिने गालाचे मुकेही पाठवले असते; मी आशीर्वादावरच भागवते. आम्ही बरे आहोत. तू बरा असशीलच. बरं असायची तुला लहानपणापासून हातोटी आहे.

कागदावर लिहितेय, कारण मेसेज पाठवला की तू उत्तरादाखल अंगठा पाठवतोस. पाकीट दुपारच्या बसच्या ड्रायव्हरकडे देतेय. दुकान बंद करून थेस्सालोनिकीच्या बसस्टँडवर जा आणि घे. तेवढी तरी पायपीट होऊ दे.

बातम्या म्हणशील तर बंदरावर वारा माजलाय. खालच्या मजल्यावरच्या अर्गिरोबाईंनी मांजर पाळलंय आणि त्याला दुसऱ्या नवऱ्याचं नाव ठेवलंय. तेही घरी येत नाही.

ई-सिगारेट तोंडाशी फुटून फाटलेला बाबांचा ओठ भरून आला. तळहातावर नवी कातडी आलीय, गुलाबी, तान्ह्या बाळासारखी. बाकी हात म्हाताऱ्याचा. पुढचे दोन दात बसवले. ते इतके पांढरेशुभ्र आहेत की बाबा हसले की वाटतं, दुसऱ्या कुणाचं हसू भाड्यानं आणलंय. पण चर्चमध्ये स्तोत्र म्हणताना दातांतून हवा निसटते आणि शिट्टी वाजते. पाद्री स्तेर्यिओस भला माणूस. त्यानं त्यांना उजवीकडच्या मानाच्या जागेवरून उठवून डावीकडे नेलं आणि म्हणाला, "पारास्केवास, तुम्ही आपला मागचा सूर धरा. तोंड मिटून धरलात तरी चालेल." ज्या माणसाच्या आवाजावर आपल्या मोहल्ल्याचा ईस्टर उजाडायचा, तो आता तोंड मिटून गुणगुणतो. सूर अजून पक्का आहे. म्हणूनच ऐकवत नाही.

आणि हा आवाज वाचावा म्हणूनच त्यांनी सिगारेट सोडली होती, हे तुला ठाऊक आहे. नुसती आठवण करून दिली.

तुझा निरोप मी पोचवला: बॅटरी खराब निघाली, कारखान्याचा दोष, मनाला लावून घेऊ नका. बाबांनी मनाला लावून घेतलं नाही. घोटाळा तिथेच झाला.

परवा ते बंदराजवळच्या मेल्पोच्या ई-सिगारेटच्या दुकानात गेले. मेल्पो तुझ्याच धंद्यातली, पण गिऱ्हाईक जिवंत ठेवण्याकडे तिचा कल आहे. तिला म्हणाले, "पोरी, मला एक स्टीलची नळी दे, आतमध्ये यंत्रबिंत्र काही नको. कॉइल शून्य पॉइंट पंधरा ओहमची, हलकी. फक्त या खेपेला बॅटरी चांगली बघून दे."

मेल्पोनं "पुढच्या आठवड्यात माल येईल" अशी थाप मारून त्यांना वाटेला लावलं आणि धावत माझ्याकडे आली. मी म्हटलं, "हलकी म्हणजे?" ती म्हणाली, "ताई, तेच तर! सगळ्या दुकानात याहून जड कॉइल माझ्याकडे नाही."

मग तिनं मला समजावलं. तुला हे पाठ आहे, तरी माझ्या तोंडून ऐक. कॉइल म्हणजे तापून वाफ करणारी तार, ओहम म्हणजे तिची विजेच्या वाटेतली अडवणूक. आकडा मोठा तर दार अरुंद, वीज हळूहळू जाते. आकडा लहान तर दार सताड उघडं. बाबांना शोभणारी कॉइल सव्वा ओहमच्या आसपासची. भरलेली बॅटरी तिच्यातून साडेतीन अँपिअर ढकलते, पंधराएक वॅट होतात, कपभर चहासारखी कोमट वाफ येते. तू दिलेल्या कॉइलमधून आठपट. अठ्ठावीस अँपिअर, एकशेवीसच्या आसपास वॅट. त्या बॅटरीला झेपत होते वीस. चिप असलेलं यंत्र असतं तर त्यानं आकडा पाहूनच नकार दिला असता. तुझ्या त्या देखण्या नळीत चिप नाही, बटण आहे. दाबलं की बॅटरी आणि बापाचं तोंड, मध्ये कुणी नाही. वर लिक्विड जहाल निकोटिनचं, जे सव्वा ओहमवर घोट घोट ओढायचं. तेच आठपट धगीवर. बाबांना गरगरायचं, ते म्हणायचे, "रक्तदाब असेल." नळी हाताला चटके द्यायची, ते रुमालात धरायचे.

मी घरी जाऊन हे सगळं त्यांना सांगितलं. ते हसले, त्या भाड्याच्या दातांनी.

"तुला काय कळतंय इव्हान्थिया? आयुष्यभर मी आकडा बघून सिगारेट घेतली. दहा मिलिग्रॅम टारच्या पाकिटावरून सहावर आलो, सहावरून एकावर. आकडा कमी तेवढी हलकी. हल्ली पाकिटावर आकडे छापत नाहीत, मेलेली माणसं छापतात, म्हणून तुम्हाला ठाऊक नाही."

"बाबा, हा तो आकडा नव्हे."

"सारांडिसला विचारूनच घेतली मी! त्याचा धंदा आहे. त्याला विचारलं, लहान आकडा म्हणजे हलकी ना रे? तो म्हणाला, 'बाबा, पिसासारखी! ओढा, छाती भरून ओढा.' मी ओढली. असा ढग निघाला की मी दिसेनासा झालो. खोकून खोकून जीव गेला. आणि काय सांगू, दुकानातली सगळी पोरं उठून उभी राहिली! टाळ्या वाजवल्या! तो कोस्मास तर खुर्चीवरून खाली पडला आनंदानं. त्यांनी मला थंडगार फ्रापे कॉफी पाजली. तुझा भाऊ म्हणाला, 'ही नळी तुम्हालाच, बाबा, माझ्याकडून.' इतका मान मला ईस्टरलाही मिळाला नव्हता."

सारांडिस, ही गोष्ट ते कॉफीहाउसात सगळ्यांना सांगतात. ऐकणारे मान खाली घालून हातातल्या माळेचे मणी मोजत बसतात. त्यांना कळतं. मला कळलं. न कळलेला एकच माणूस आहे, आणि तोच ती गोष्ट सांगतोय.

तुला अज्ञानाचा आसरा घेता येणार नाही. दुकानाच्या भिंतीवर टांगलेली ती विजेच्या कोर्सची सर्टिफिकिटं तूच मला दाखवली होतीस. तुझं मन दुष्ट नव्हतं हेही मान्य. तुला चार पोरांना हसवायचं होतं. हसून झाल्यावर ती नळी काढून घ्यायला हवी होती, तेवढं राहून गेलं. उलट कॉइलमध्ये भरायच्या कापसाची पुडीही बांधून दिलीस.

आता ऐक. मेल्पो फार दिवस थापा मारू शकणार नाही, आणि असलं दुकान चालवणारी ती काही एकटीच नाही. बाबा दुसरीकडे जातील. बॅटरी उत्तम निवडतील, कारण दोष बॅटरीचा होता असं त्यांच्या मुलानं कळवलंय. मग पुन्हा तोंडाला लावतील. माझ्या ओहमवर त्यांचा विश्वास नाही. तुझ्यावर आहे.

म्हणून तू ये. उद्याच ये. ईस्टरआधीच्या उपवासाचा पहिला दिवस, सुट्टी आहे, आम्ही उपवासाला चालणारी कालवं आणि बिनखमिराचा लगाना पाव आणणार आहोत, तुझ्यापुरतंही आणू. त्यांच्यासमोर बस आणि तुझ्या तोंडानं सांग की ती कॉइल हलकी नव्हती, तुला ते माहीत होतं, आणि टाळ्या कशासाठी वाजत होत्या. तिसरी गोष्ट गाळून पहिल्या दोन सांगता येतात का, याचा विचार तू बसमध्ये करशील. येत नाहीत. मी करून पाहिला.

ते तुला माफ करतील. नळी फेकून देतील, तुझ्या ताटात स्वतःची कालवं वाढतील आणि लोकांना सांगतील की पोरानं केवढ्या धिटाईनं कबूल केलं. त्याची मला खात्री आहे, आणि माझा सगळा राग त्याच खात्रीवर आहे.

आत्ताच संध्याकाळच्या प्रार्थनेहून आले. आज, उपवासाच्या आदल्या संध्याकाळी, सगळ्यांनी एकमेकांपुढे वाकून क्षमा मागायची. बाबा माझ्यापुढे वाकले, मी त्यांच्यापुढे. मग हळूच म्हणाले, "सारांडिसलाही लिही, माझं त्याच्यावर काहीच नाही. बॅटरीचं कुणी काय करणार?" लिहिलं. दुपारची बस चुकली, हे शेवटच्या बसनं जाईल.

मोहल्ल्यातल्या सगळ्यांना माफ करून आलेली, एक जण सोडून,

तुझी बहीण
इव्हान्थिया