जावयासाठी चांदीचं खोगीर

मी, कालिपा सादिरबायेवा, वय वर्षे त्र्याहत्तर, राहणार नारिन, पूर्ण शुद्धीवर असताना आणि कोणाच्याही दडपणाखाली न येता माझ्या मागची ही व्यवस्था लिहून ठेवीत आहे. यकृताने संप पुकारला आहे, पण डोकं जागेवर आहे; शंका असेल त्याने माझ्याशी पत्ते खेळून बघावेत. माझा पेशा न्यायालयासाठी हिशेब तपासण्याचा. घटस्फोटाच्या वेळी नवऱ्यांनी दडवलेली मालमत्ता हुडकून काढण्यात हयात गेली. पुष्कळांनी शिव्याशाप दिले, ते सगळे पोचले.

१. राहतं घर आणि बँकेतली शिल्लक दोन्ही मुलींना निम्मी निम्मी.

२. माझी मोठी कढई शेजारीण सायरा हिच्याकडेच राहावी, नाहीतरी कैक वर्षं ती तिथेच आहे. मात्र 'ही कालिपाची' असं तिने एकदा तरी चारचौघांत म्हणावं.

३. धाकटी मुलगी पेरिझात हिचा घटस्फोटाचा दावा चालू आहे. तिचा नवरा कुबात न्यायाधीशांपुढे डोळ्यांत पाणी आणून म्हणाला, "साहेब, एक खटारा गाडी नि दोन भाकड गाई, एवढीच माझी दौलत."

मी त्याला बाहेर गाठलं. "जावईबापू, आणि कुरणावरचे घोडे?"

"अहो आई, ते दादाचे! मी आपला नुसता राखण करतो."

काय तो साळसूदपणा! घोडे कुणाचे हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. पण कागदोपत्री सगळे भावाच्या नावावर, आणि साक्षीला कोणी उभं राहत नाही. निकाल वसंतात लागेल, तोवर मी नसेन. माझ्या लेकीच्या नि नातवंडांच्या पदरात काहीच पडलं नाही तर, या एका धास्तीने मला झोप लागत नाही.

४. माझ्या दिवंगत यजमानांचं चांदीने मढवलेलं खोगीर. दोन्ही जावयांचा त्यावर डोळा आहे. मी गेल्यावर चाळिसाव्या दिवशी गावजेवण होईल, त्या चाळिसाव्याच्या जेवणाला जो जावई स्वतःच्या कळपातला सर्वांत देखणा घोडा आणेल, त्याला ते द्यावं. कोणी काय आणलं हे रिवाजाप्रमाणे भोंग्यावरून पुकारावं, आणि घोडा आपलाच असल्याचं जावयाने स्वतःच्या तोंडाने सांगावं.

नोटरीबाईंनी एवढं चौथं कलमच मी गेल्यावर तिसऱ्या दिवशी सर्वांना वाचून दाखवावं. बाकीचं पाकीट चाळिसाव्याची पंगत उठल्यावर फोडावं.

५. थोरला जावई मक्सात 'खोगीर माझंच' म्हणून गावभर बढाया मारत हिंडला असेल. तो बिचारा गरीब स्वभावाचा आहे. त्याला मीच पढवलं होतं. न्यायालयात कंगाल झालेला नवरा मांडवात साडूपुढे गप्प बसलेला मी तरी आजवर पाहिला नाही. कुबात गप्प बसलाच, तर खोगीर मक्सातचं आणि मी हरले.

पण कुबात, तू घोडा आणला असशील तर खोगीर खुशाल घेऊन जा, शोभेल तुला. फक्त त्या घोड्याच्या मांडीवर तापल्या लोखंडाने उमटवलेला मालकीचा डाग एकदा नीट बघ. कुरणातल्या झाडून सगळ्या घोड्यांच्या मांडीवर तोच आहे, आणि हा घोडा माझा असं तू आत्ताच सगळ्या गावाला सांगितलंस. आता उरलेल्यांतले निम्मे माझ्या लेकीला मोजून दे.

स्थळ : नारिन. दिनांक : २० नोव्हेंबर.

सही : कालिपा सादिरबायेवा

साक्षीदार :

१. डॉ. चोल्पोन इसायेवा. लिहून देणार शुद्धीवर असल्याची खात्री केली. पत्त्यांत हरले.

२. एर्मेक झुनुशोव, समारंभांचं चित्रीकरण करणारा. चाळिसाव्याची बिदागी आगाऊ पोचली. कॅमेरा भोंग्याजवळच लावायचा आहे.