गट अ, गट ब आणि एक नांदरुक

३ मार्च २००४, सकाळी ७.१०
स्कूटरच्या सीटवर पुन्हा बुलबुलांचा प्रसाद. सलग अकरावा दिवस. एमएस्सी झालो, एकोणीस वर्षं ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवतोय, आणि रोज सकाळी फडकं घेऊन पक्ष्यांच्या पचनसंस्थेचा शेवटचा धडा पुसतोय. दोष स्कूटरवर सावली धरणाऱ्या नांदरुकाच्या झाडाचा. फळं ते खातात, भोगतो मी. सोसायटीचे सेक्रेटरी सावळीरामपंत झाड पाडायचा अर्ज फिरवत होते. सही केली. वड-पिंपळ असता तर कुणी धजावलं नसतं. नांदरुकाला ना देव ना वार.

५ मार्च
पुण्याच्या परिषदेचं पत्र. गोषवारा २० तारखेच्या आत. विभागप्रमुखपद यंदाच भरणार. निबंध नसेल तर ते माझ्याहून सहा वर्षांनी ज्युनिअर दीपमाला मॅडमना. विषय ठरला: रानपाखरांचा आहार आणि रोगप्रतिकारशक्ती. गट अ: माझ्या गच्चीवर समतोल आहार (चिवडा, ब्रेड, दुधात विरघळवलेली बी-कॉम्प्लेक्स). गट ब: नांदरुकाची नुसती फळं. गट अ सुदृढ निघणार. निष्कर्ष आजच लिहून ठेवला. शेवटी घाई नको.

८ मार्च
पक्षी पकडून रक्त तपासायचं. झाडाखाली भाजी विकणाऱ्या कुसाबाईची पाटी मागून आणली. दोन दिवसांसाठी. काठीला सुतळी बांधून सापळा लावला. पाटी पडली ती बायकोच्या, साधनाच्या, कुरडयांवर. ती म्हणाली, बुलबुल सापडला की सांगा, कुरडयांबरोबर तळते.
रक्त रद्द. नुसत्या डोळ्यांनी तपासणार. निरीक्षण हीच मूळ पद्धत.

१० मार्च
गट अ ची गर्दी उत्तम. सगळे एकाच ताटलीत चोची घालतात. एकाचा तुरा वाकडा आहे. त्याचं नाव अ-४. अगदी हाताजवळ येतो. आधी शेंगदाणे उचलतो, मग माझ्याकडे बघतो.

१३ मार्च
अ-४ च्या डोळ्याशी फोड. आणखी तिघांच्या पायांवर. पक्ष्यांचा देवीरोग.
मेथी घेताना कुसाबाई म्हणाली, सर, तुमच्याकडं जेवती ती पाखरं आजारी, झाडावरची ठणठणीत हायेत. तिखट-मिठाचं कशाला घालता? समजावलं, बाई, दवाखान्यातही आजारी माणसंच जास्त दिसतात, म्हणून दवाखाना वाईट का? ती म्हणाली, तुमच्याकडं आली तवा चांगली होती की.
अशास्त्रीय. बी-कॉम्प्लेक्स दुप्पट केली.

१५ मार्च, सायं. ६
गट अ: चौदापैकी नऊ आजारी. गट ब: बावीसपैकी एक. चारदा मोजलं.
निष्कर्ष बदलला: नैसर्गिक फळाहार श्रेष्ठ. मला पहिल्यापासून हेच वाटत होतं.
ताटली उचलून घासून ठेवली.

१७ मार्च
अ-४ कालपासून झाडावरच आहे. फळं खातोय. डोळा किंचित उघडलाय. आणखी तीन दिवस मिळाले तर निबंध झाला. आणि तोही बरा.
जिन्यात सावळीरामपंत म्हणाले, परवानगीचा कागद आला, उद्या करवत. सही मागे घ्यायला त्यांच्या घरी गेलो. त्यांनी वही उघडली, म्हणाले, कारण काय लिहू? स्कूटरसाठी केलेली सही पाखरांसाठी मागे, असं तोंडातून निघेना. शैक्षणिक कारण, म्हणालो. ते हसले. सर, चेष्टा करता का? सात सह्या लागत होत्या, सातवी तुमची. तुमच्यामुळंच तर काम झालं. चहा पुढे केला.
प्यायलो.

१८ मार्च, सकाळी ६.३०
झाडाला पाठ लावून उभा राहणार. ठरलं.

त्याच दिवशी, दुपारी १२.४०
पहिलं लेक्चर बुडवता येत नाही. परत आलो तेव्हा खाली भुसा होता आणि वर आकाश. गट ब नाही. अ-४ नाही. गच्चीवर धुतलेली ताटली पुन्हा मांडली. तासभर थांबलो.

२० मार्च
सीट स्वच्छ. सवयीने फडकं घेऊन गेलो होतो. दुपारी निघताना ती उन्हाने इतकी तापली होती की बसवेना.
गोषवारा पाठवला नाही.
कुसाबाईची पाटी परत केली. दोन दिवसांसाठी आणली होती, बारा झाले. तिने विचारलं, काम झालं का सर? झालं, म्हणालो. तिने उन्हातच पाटी पालथी केली, एका हाताने डोक्यावर धरली, आणि दुसऱ्या हाताने मेथीवर पाणी शिंपडत बसली.