चिठ्ठीत न मावलेली ओळ

बाबा,
तुमाले अन् आईले पुण्याहून प्रभूमधे सलाम.

मी मजेत आहो. बायबल कॉलेजातली भाजी गोड असते, म्हणून आईनं दिलेलं तिखट पुरवून पुरवून खाऊन राहिली. आईचे गुडघे कसे आहेत?

आईनं फोनवर सांगतलं, तुमी मोतीबिंदूचं ऑपरेशन पुन्हा टाळलं. शेजारचा नितेशभाऊ अमरावतीले न्याले गाडी घेऊन आला, तर त्याले परत पाठवलं. नवीन वर्षाच्या उपासनेत तुमाले बायबलातल्या वचनाची चिठ्ठी निघाली ना, सामर्थ्य देणाऱ्याच्या जोरावर मी सर्व करू शकतो. मग कोणाचा आधार कायले, असं तुमी म्हणाले म्हणे.

बाबा, चिठ्ठीवर एकच ओळ मावते. इथं मागचं-पुढचं वाचल्याशिवाय आमाले अर्थ सांगू देत नाहीत. प्रेषित पौलानं हे कैदेतून फिलिप्पैच्या मंडळीले लिहिलं. भुकेलं राहाले शिकलो, हे आधी सांगतलं. अन् लगेच पुढं, माझ्या अडचणीत तुमी धावून आले, लय चांगलं केलं, अशा अर्थाचं लिहिलं. म्हणजे ज्याचं हे वचन, त्यानं मदत घेतली होती.

फिलिप्पैकरांस पत्र, चौथा अध्याय. पुढची ओळ तुमीच वाचून पाहा. अक्षरं दिसली नाहीत, तर नितेशभाऊले गाडी काढाले सांगा.

तुमची,
एस्तेर