भिंतीवरची वसंतबाई

नागपूर, ४ सप्टेंबर २००६

चि. मैत्रेय व रिया यांस अनेक आशीर्वाद, सप्रेम जयभीम.

तुमच्या घराचे नवे फोटो मिळाले. घर छान, पण दिवाणखान्यात ती डोळे मिटलेली गोरी बाई कोण? केसांत फुलं, डोक्यामागे सोनेरी वर्तुळ, खाली टेबलावर पिवळ्या फुलांची फांदी. देवी आणलीत का घरात? बावीस प्रतिज्ञा तुझ्याकडून पाठ करून घेतल्या, त्या विमानात विसरलास काय रे?

आणि मेमध्ये पाठवलेल्या फोटोत त्याच भिंतीवर बाबासाहेब होते. ती तसबीर मीच बांधून दिली होती. ती कुठाय? पाणी कुठंतरी मुरतंय. डिसेंबरात मी येणार, त्याआधी खरं काय ते कळव. मामाला मी हे फोटो अजून दाखवलेले नाहीत.

लोभ आहेच, सध्या संशयही आहे.

तुझी आई, बेबी

पामर्स्टन नॉर्थ, न्यूझीलंड, १८ सप्टेंबर २००६

ती. आईस सप्रेम जयभीम. वि. वि.

अगं, देवी कसली! शंभर वर्षांपूर्वी युरोपातल्या कुणा चित्रकाराने वसंत ऋतूला बाईचं रूप दिलं, त्याची ही छापील प्रत. ऑप शॉपमध्ये, म्हणजे जुन्या वस्तूंच्या दुकानात, मिळाली. आपल्याकडे भाद्रपद, इथे वसंत. टेबलावरची फुलं अंगणातल्या कोवाईच्या झाडाची. हॉस्पिटलच्या फार्मसीत काम बरं चाललंय, वारा मात्र थांबत नाही.

इथवर लिहून पत्र दोन दिवस पडून होतं. तसबिरीबद्दल एक ओळ नाही, असलं पत्र टाकू नकोस, असं रिया म्हणाली.

तसबीर कपाटात आहे. जूनमध्ये आमच्या हॉस्पिटलातली डॉ. देवयानी आणि तिचे यजमान पहिल्यांदाच जेवायला येणार होते. इथे मराठी घरं मोजकी. तिने फोनवर दोनदा विचारलं होतं, मूळचे कुठले, आडनाव कुठलं. त्या सकाळी मी तसबीर उतरवली आणि मोकळा खिळा दिसू नये म्हणून ही बाई टांगली. आता येणारे तिच्याबद्दल विचारतात, आमच्याबद्दल नाही. मला कुणी काही बोललं नव्हतं, आई. मीच आधी घाबरलो. लाज वाटते.

रागाव, पण माया आटू देऊ नकोस.

तुझा मैत्रेय

नागपूर, ६ ऑक्टोबर २००६

चि. मैत्रेयास आशीर्वाद, जयभीम.

दीक्षाभूमीवरून आले आणि तुझं पत्र हाती पडलं. यंदा पन्नासावं वर्ष, पाय ठेवायला जागा नव्हती. देवी असती तर तुझ्याशी कडाकडा भांडले असते आणि जेवून झोपले असते. या पत्राने घास उतरला नाही.

तीस वर्षं सरकारी दवाखान्यात नर्स होते. काही लोक गोळी माझ्या हातून घ्यायचे आणि पाणी दुसरीकडून मागायचे. तरी छातीवरचा बाबासाहेबांचा निळा बिल्ला मी एक दिवस काढला नाही. तुला मात्र एका फोनने घाबरवलं.

ती वसंतबाई राहू दे, तिचा काय दोष? रियाला शाबासकी सांग. माझं डिसेंबरचं तिकीट रद्द करू नकोस. मी आले की देवयानीला जेवायला बोलवायचं आहेच. मी दारात तिला जयभीम म्हणणार.

तसबीर कपाटात मावली. मला कुठे ठेवणार आहेस, तेवढं उलट टपाली कळव.

तुझी आई