बसलेला हात

२ एप्रिल. सकाळ.
वाचनालयाचं काम मिळालं! रस्त्याकडच्या भिंतीवर भलामोठा बोर्ड. ग्रंथपालबाई स्वतः म्हणाल्या, फ्लेक्स नको, ब्रशनेच रंगवलेला हवा. धाकट्या भावाला कळेल तेव्हा त्याचं तोंड बघण्यासारखं होईल. मी त्याला हाताला धरून अक्षरं शिकवली आणि हा पठ्ठ्या फ्लेक्सचं मशीन टाकून बसला. पंधरा वर्षांत ब्रशला शिवलेला नाही.
उद्घाटन महिनाअखेरीस. मी आठवड्यात उरकतो. हात बसलेला आहे. झोपेतही लिहीन.

४ एप्रिल.
टर्पेंटाइनमध्ये भेसळ. नाकाला लावलं तरी वास नाही. दुकानदाराला झापलं. त्याने बाटली हुंगली आणि खोकत सुटला. नाटकी माणूस. घरी ही म्हणते, अहो, घरभर वास सुटलाय, डोकं उठलंय. बायकोही दुकानदाराला सामील.
हल्ली या वहीचं एक पान पुष्कळ दिवस पुरतं. अक्षर सुबक होत चाललंय. कागदाची बचत.

७ एप्रिल.
हिला सामानाची चिठ्ठी लिहून दिली. निम्मं सामान आणलंच नाही. म्हणे, खालच्या ओळी मुंग्यांच्या रांगेसारख्या, वाचायच्या कशा? हिचे डोळे गेले. तपासून घ्यायचे.

९ एप्रिल.
हिचे डोळे ठणठणीत निघाले. डॉक्टर बदलायला हवा.

१२ एप्रिल. दुपार.
बोर्डवर अक्षरं घातली. पहिला शब्द हातभर उंच, झकास. दुसरा जरा लहान. शेवटचा वीतभरसुद्धा नाही. बाईंनी मान तिरकी करून विचारलं, हे असंच असतं का? म्हटलं, बोर्ड दुरून बघायचा असतो. त्या पलीकडच्या फुटपाथवर गेल्या आणि तिथून ओरडल्या, अक्षरं पळून चालल्यासारखी वाटतात हो! म्हटलं, मॉडर्न आहे.
ब्रश भिकार. उद्या नवा.

१३ एप्रिल.
पांढऱ्या रंगाचा हात मारून सगळं पुसलं. नवा ब्रश. पुन्हा तेच. भिंत कलती बांधलीय. गवंड्यांना आजकाल कामाची लाज नाही.

१६ एप्रिल.
शिडीवरून उतरताना उजवा पाय पायरीला चिकटला. ओला रंग सांडला असणार. हलेचना. मग मी तिथेच थांबून रहदारी बघितली. वरून छान दिसते. डबा घेऊन आलेली ही खाली शिडी घट्ट धरून उभी, चेहरा पांढराफटक. पाय सुटला तेव्हा अंगातला शर्ट घामाने भिजला होता. ऊन.
ही म्हणते, पायरीवर रंगाचा थेंबसुद्धा नव्हता. प्रत्येक गोष्टीत वाद घालायचा. संध्याकाळी हिने मुलीला फोन केला. दार लावून.

१९ एप्रिल.
मुलगी रजा टाकून आली आणि मला मेंदूच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. तक्रार हाताची, डॉक्टर मेंदूचा! चप्पल शिवायची म्हणून सोनाराकडे जाण्यातला प्रकार.
त्याने मला चुटक्या वाजवायला लावलं. चालायला लावलं. गोल गोल काढायला लावलं. मग समजावून सांगितलं. नवीन काम शिकताना मेंदूचा विचार करणारा भाग राबतो. हात बसला की ते काम हळूहळू आतल्या खोल भागाकडे सोपवलं जातं. मग विचार करावा लागत नाही, आपोआप होतं, आणि वर्षानुवर्षं टिकतं. तुमची अक्षरं तिथे अजून शाबूत आहेत, म्हणाला. फक्त तो भाग चालायला जे रसायन लागतं, ते कमी पडतंय.
थोडक्यात, डबा रंगाने भरलेला आहे, झाकण घट्ट बसलंय. बघा! मी म्हणतच होतो.
आजाराचं नावही सांगितलं. लांबलचक आहे, इथे लिहीत नाही.
गोळ्या दिल्यात. आणि सल्ला काय, तर रेघा मारून, एकेक अक्षर मनात ठरवून लिहा. नवशिक्यासारखं. मला!
परत येताना मुलगी गाडी चालवताना सारखी डोळे पुसत होती. धूळ फार आहे रस्त्यावर.

२२ एप्रिल.
खोलीचं दार लावून, रेघा मारून, कागदावर बोर्डवरचं नाव लिहून पाहिलं. अक्षरं मोठी आली. सरळ आली. पण प्रत्येक अक्षर नव्याने शोधायचं, जसं काही ते मला कधी भेटलंच नव्हतं. तीन शब्दांत दुपार गेली. कागद फाडून टाकला.
गोळ्या उद्यापासून. आधी बोर्ड.

२४ एप्रिल.
तिसऱ्यांदा पुसलं. बाईंनी चहा पाठवला. कप उजव्या हातात घेतला, मग डाव्या.

२६ एप्रिल. संध्याकाळ.
हिने मला न विचारता धाकट्याला बोलावलं. वाटलं, आल्या आल्या टोमणा मारेल. मारला नाही, तेच जास्त लागलं.
ब्रश घेऊन म्हणाला, दादा, मला काही म्हणजे काही आठवत नाही. तू सांग.
मी सांगायला लागलो. दाब कधी सोडायचा, वळणावर ब्रश बोटांत किती फिरवायचा. धड एक वाक्य पुरं होईना. आयुष्यभर केलं, पण तोंडाने कधी सांगावं लागलंच नव्हतं. त्याला शिकवलं तेही त्याचा हात धरून.
तो म्हणाला, थांब दादा, बोलू नकोस.
करंगळी बोर्डला टेकवली. श्वास रोखला. आणि अक्षर सपकन उतरलं. वळण तेच, शेपटीला तीच किंचित उचल. तो स्वतःच चकित झाला. मोठ्याने हसला, मग माझ्याकडे बघून हसायचा थांबला.
मी खाली शिडी धरून उभा राहिलो.
बोर्ड झाला. संध्याकाळी बाई आल्या, म्हणाल्या, काका, तुमची अक्षरं लांबूनच ओळखू येतात! मी हो म्हटलं. धाकट्यानेही मान हलवली.
निघताना त्याने विचारलं, दादा, खरं सांग, कसं झालंय?
म्हटलं, शेवटचं अक्षर जरा जाड आलंय.
आलं नव्हतं.