दुकानाच्या मीटरचं बिल

बाबा,

मी दुर्गला सीएकडे चालली. भात झाकून ठेवला आहे, गोळी जेवल्यावरच घ्या.

काल सीएनं विचारलं, "मॅडम, सहा शिलाई मशिनी अन् बिजलीचा खर्च जीरो? मग टॅक्स तर लागणारच!" म्हणून मी घरातली बिलं शोधायले बसली. आज तुमच्या पासबुकात माझ्या दुकानाच्या मीटरची बिलं सापडली, चार वर्षांची, तुम्ही भरून घडी घालून ठेवलेली. अन् मले तुम्ही सांगत राहिले, दुकानाचं बिल घराच्यातच येते!

यापुढचं बिल माझ्या खात्यातून जाईल. टॅक्स कमी होईल, हे खरं. पण बाबा, सासर सोडून आली ते कारखान्यात भट्टीपाशी तीस वर्षं उभं राहून तुम्ही कमावलेली पेन्शन खायले नाही. थकली मी, तरी एवढं मले भरू द्या.

मोनाली